नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळींत

नाशिक सोडून निफाडच्या रस्त्यास लागलें म्हणजे दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव आणि कांद्याचे हिरवे वाफे यांखेरीज दृष्टीस फारसें कांहीं पडत नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांचा जन्म १८४२ सालीं ज्या निफाडास झाला, त्या गांवावरून जातांना आमच्या घरचीं वडील माणसें मोटारींतूनच हात जोडतात, असा आमचा फार दिवसांचा परिपाठ आहे. तेथून पुढें थोड्याच अंतरावर गोदावरी आणि कादवा या दोन नद्या एकमेकींस मिळतात. संगमाच्या खालच्या अंगास विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेला एक लांबच लांब दगडी बंधारा असून, त्यापासून गोदावरीच्या डाव्या व उजव्या तीरांवरील कालवे निघतात. शेतांस पाणी मिळावें एवढाच बंधारा बांधणारांचा हेतु होता. पांखरांचा विचार त्यांच्या स्वप्नींही नसेल. परंतु नद्यांनीं वर्षानुवर्षें वाहून आणलेला गाळ बंधाऱ्यामागें सांचत गेला, पाणी उथळ झालें, मध्यें लहानमोठीं बेटें झालीं, त्यांवर लव्हाळीं माजलीं. आणि पाटबंधाऱ्याच्या हिशेबांत जी तूट, तीच पांखरांच्या खात्यांत जमा झाली. १९८६ सालीं हा प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२० सालीं रामसर कराराच्या यादींत महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ म्हणून त्याचें नांव दाखल झालें. महाराष्ट्राचें भरतपूर असें त्याला कौतुकानें म्हणतात, त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं.

या ठिकाणीं आम्ही दरवर्षीं जानेवारींत जातों तें केवळ सहलीस नव्हे. आशिया खंडांतील पाणपक्ष्यांची हिंवाळी गणना १९८७ पासून दरवर्षीं होत असते. कोणत्या पाणथळीवर कोणत्या जातीचे किती पक्षी उतरले याची नोंद ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या परीनें करून पाठवितात, आणि त्या टिपणांवरून कोणती जात वाढते आहे, कोणती घटते आहे, याचा अंदाज जाणते लोक बांधतात. आमचे चुलते, ज्यांना सारें घर तात्या म्हणतें, हे शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि त्याच वर्षीं त्यांना हा नाद लागला. आज त्यांस एकवीस हिंवाळे झाले. प्रत्येक हिंवाळ्याचीं पानें त्यांनीं एकाच जाड बांधणीच्या वहींत, आडव्या-उभ्या रेघा आंखून, सुवाच्य अक्षरांत भरलेलीं आहेत. अलीकडे तीन-चार वर्षें ते दुर्बिणीस डोळा लावून सांगतात आणि मी लिहितों. या वर्षीं आमच्याबरोबर थोरल्या बंधूंची मुलगी आली होती. घरांतील लहानांची ती ताई, म्हणून आम्ही मोठेही तिला ताईच म्हणतों. कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकते. गळ्यांत दुर्बीण आणि खांद्यावर लांब नळीचा कॅमेरा, असा तिचा थाट होता.

चापडगांवच्या बाजूनें आम्ही पाण्यावर पोंचलों तेव्हां नुकतें उजाडत होतें. पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा होता आणि त्याच्या आडून नाना तऱ्हांचे आवाज येत होते. आवाज अनेक आणि पक्षी एकही दिसत नाहीं, अशा वेळीं नवख्या माणसाचा जीव अगदीं गोंधळून जातो. धुकें विरलें म्हणजे तर गोंधळ वाढतो. कारण पाण्यावर जें जें तरंगतें तें तें काळें, आणि कांठावर जें जें उभें असतें तें तें पांढरें, असेंच प्रथम वाटतें.

पहिली परीक्षा मात्र सोपी असते. पाण्याच्या मध्यभागीं शेंकड्यांनीं जमलेलीं काळींभोर पांखरें दिसलीं आणि प्रत्येकाची चोंच पांढरी व कपाळावरही तसाच पांढरा टिळा असला, तर तो वारकरी. कपाळीं टिळा आणि मेळ्यानें चालण्याची संवय पाहून हें नांव ज्या कोणीं ठेविलें असेल तो मोठा रसिक असला पाहिजे. वारकऱ्यासारखीच दिसणारी पाणकोंबडी ही त्याच्याच कुळांतली. पण तिचें कपाळ तांबडें, चोंचीचें टोंक पिवळें, कुशीवर पांढरी तुटक रेघ, आणि शेंपटीखालीं दोन पांढरे डाग. ती घोळक्यांत क्वचितच शिरते. लव्हाळ्यांच्या कडेकडेनें, शेंपटीला झटके देत, एखाद्या संकोची नव्या सुनेप्रमाणें वावरते. रंग दिसण्याइतका उजेड नसला तरी मध्यावर निर्धास्त तरंगणारा कोण आणि कांठाचा आधार न सोडणारी कोण, एवढ्यावरून अर्धा निवाडा होतो.

येथें तात्यांचा एक सिद्धान्त सांगितला पाहिजे. ते म्हणतात, "आधीं आकृति, मग चालचलणूक, आणि रंग सर्वांत शेवटीं." नवशिके नेमकें उलट करतात. पुस्तकांतील चित्रें रंगीत असतात, म्हणून ते प्रथम रंग शोधतात. पण रंग उन्हानें बदलतो, ऋतूनें बदलतो, वयानें बदलतो. आपल्या मोठ्या घरांत जिन्यावर पाऊल वाजतांच कोण येतें आहे हें आपण माजघरांत बसून सांगतों. तेथें आपण काय चेहरा पाहिलेला असतो? पावलाचें वजन, दोन पायऱ्यांमधील अवकाश, चढतांना टाकलेला सुस्कारा, यांवरून ओळख पटते. पांखरांची ओळखही अशीच सहवासानें पटते, असें त्यांचें म्हणणें.

या सिद्धान्ताचा पडताळा पाणकावळ्यांपाशीं चांगला येतो. हे तीन भावंड म्हणावेत असे सारखे काळे. धाकटा जेमतेम हातभर लांब. चोंच आंखूड, कपाळ एकदम चढतें, मान तोकडी, आणि अंगाच्या मानानें शेंपटी लांब. मधला, ज्याला भारतीय पाणकावळा म्हणतात, तो अंगानें सडपातळ. चोंच बारीक व लांब, डोकें चपटें, आणि ऊन नीट पडलें तर डोळा निळसर हिरवा चमकतो. थोरला मात्र चांगला दांडगा. त्याची चोंच भरदार, गळ्याशीं पिवळी कातडी आणि तिच्या कडेस पांढरा पट्टा. तिघे शेजारीं बसले तर पोरही सांगेल. परंतु एकटाच एखादा खुंटावर पंख वाळवीत बसला असला म्हणजे लहानाचा मोठा आणि मोठ्याचा लहान व्हायला वेळ लागत नाहीं. कारण विस्तीर्ण पाण्यावर डोळ्याजवळ मोजपट्टी नसते. अशा वेळीं पक्षी केवढा हें विचारूं नये. त्याची चोंच त्याच्याच डोक्याहून आंखूड आहे कीं डोक्याएवढी आहे, हें विचारावें. मापाची काठी पक्ष्याच्या अंगावरच असते. तेथेंच एक तिरंदाज सारें अंग पाण्यांत बुडवून केवळ सापासारखी मान वर काढून चालला होता. तोही बाहेर येऊन पाणकावळ्याप्रमाणेंच पंख पसरून बसतो. पण त्याची चोंच कट्यारीसारखी सरळ, तर पाणकावळ्याच्या चोंचीस टोंकाशीं आंकडा असतो.

बदकांचा प्रश्न याहून बिकट. नरांची अडचण नाहीं. तलवार बदकाची लांब शेंपटी, थापट्याची पळीसारखी चोंच, भुवई बदकाची पांढरी भुवई, हीं ओळखावयास विद्वत्ता लागत नाहीं. पण माद्या सर्वांच्याच तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांच्या. आणि घरटीं करण्याचा हंगाम सरला म्हणजे नरही कांहीं महिने आपला भरजरी पोषाख उतरवून तसेच साधे होतात. दूर उत्तरेहून आलेलीं हीं पाहुणीं हिंवाळ्याच्या आरंभीं तर सारीं एकाच छापाचीं वाटतात. तेव्हां पुन्हां आकृतीकडेच वळावें लागतें. थापट्याची मादी रंगानें कशीही असो, चोंचीची पळी लपत नाहीं. तलवार बदकाच्या मादीची मान बारीक व लांब, चोंच राखी. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा ठळक असून चोंचीच्या मुळाशीं फिकट ठिपका असतो. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्या मानानें साधा आणि शेंपटीच्या बाजूस एक फिकट रेघ. या सर्वांत आमच्या घरच्या बायकांना प्रिय असलेलें बदक म्हणजे हळदी-कुंकू. काळ्या चोंचीचें टोंक पिवळें आणि मुळाशीं तांबडा ठिपका, असें हें सुवासिनीचें लेणें नर व मादी दोघेही धारण करतात. हें पाहुणें नव्हे. बारा महिने येथलेंच.

दहा वाजण्याच्या सुमारास आम्ही बेटांच्या समोर आलों. गाळाच्या एका लांबट पट्ट्यावर पांढऱ्या बगळ्यांची रांग उभी होती. तात्यांनीं तिपाईवरच्या दुर्बिणीस डोळा लावला, ओंठ हलवीत मोजलें, आणि म्हणाले, "मोठे बगळे, तेवीस."

मीं लिहावयास लेखणी टेंकली. ताई आपल्या दुर्बिणींतून पाहत होती. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग हलकेच म्हणाली, "तात्याआजोबा, पुन्हां एकदां मोजूं या का?"

"मोजणींत चूक आहे?"

"मोजणींत नाहीं, आजोबा. तेवीसच आहेत. नांवांत असेल असें वाटतें."

आतां वाचकांस या बगळ्यांचें प्रकरण थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे; कारण पाणथळीवरील सर्वांत परिचित पक्षी हाच, आणि सर्वांत अधिक फसवणारा हाच. पांढरे बगळे मुख्यत्वें चार. लहान बगळ्याची चोंच काळी, पाय काळे आणि पायांचीं बोटें मात्र पिवळीं. चिखलांतून पाय वर उचलला कीं पिवळा मोजा घातल्यासारखें दिसतें. गायबगळा आंखूड मानेचा, जाड्या पिवळ्या चोंचीचा, हनुवटी पुढें आलेला. तो पाण्यापेक्षां गुरांच्या पायांत अधिक. शिवाय ढोकरी नांवाचा एक ठकसेन आहे. तो कांठावर बसला असतां मातकट तपकिरी, आणि उडाला कीं पांढरे शुभ्र पंख उघडतात, त्यामुळें मुलें त्याला बगळाच समजतात. राहिले मोठा बगळा आणि मध्यम बगळा. खरी गांठ येथें आहे.

दोघेही शुभ्र, हिंवाळ्यांत दोघांचीही चोंच पिवळी, दोघांचेही पाय काळे. पावसाळ्यांत विणीच्या दिवसांत दोघांचीही चोंच काळी पडते, म्हणजे तेव्हांही रंगाचा उपयोग नाहीं. मोठा उंचीनें खूपच अधिक, परंतु शेजारीं दुसरा नसला तर उंची कळणार कशी? भरंवशाच्या खुणा तीनच. मोठ्याची मान अंगाहून बरीच लांब आणि मध्यें मोडल्यासारखी कोनदार. मध्यमाची अंगाएवढी व डौलदार. मोठ्याची चोंच लांब आणि कपाळ चपटें. मध्यमाची चोंच आंखूड आणि डोकें वाटोळें. तिसरी खूण सर्वांत पक्की, पण सर्वांत बारीक. चोंचीच्या जिभाळीपासून निघालेली तोंडाची रेघ मोठ्या बगळ्यांत डोळ्याच्या मागेंपर्यंत जाते. मध्यमांत ती डोळ्याखालींच संपते.

ताईनें कॅमेऱ्यानें रांगेचीं चित्रें घेतलीं आणि पडद्यावर एकेक मोठें करून तात्यांपुढें धरलें. "हा पाहा आजोबा, या चौघांची रेघ डोळ्यामागें गेली आहे. बाकीच्या एकोणिसांची डोळ्याखालीं थांबली."

तात्यांनीं पडदा पाहिला. पुन्हां दुर्बिणीशीं गेले आणि बराच वेळ तेथेंच राहिले. मग डोळा न काढतांच विचारलें, "तुला येथून, दुर्बिणींतून, ती रेघ दिसते?"

"दिसते, आजोबा."

"मला दिसत नाहीं." थोड्या वेळानें ते पुन्हां म्हणाले, "मला नुसते पांढरे दिसतात."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरत असल्याचें घरांत ठाऊक होतें. पण वाचायला अडत नव्हतें, म्हणून शस्त्रक्रिया आज-उद्यां अशी पुढें ढकलली जात होती. मीं कागदावर चार व एकोणीस असे आंकडे लिहिले. त्यावर पुढें कोणीच बोललें नाहीं.

दुपारीं बाभळीच्या सावलींत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडून बसलों. तात्यांनीं दोन घांस खाल्ले, हात धुतला आणि वही मागितली. ते पानें मागें मागें उलटीत गेले. पहिल्या अठरा वर्षांत मोठा बगळा आणि मध्यम बगळा या दोन्ही रकान्यांत आंकडे होते, आणि बहुतेक सालीं मध्यमच अधिक. शेवटच्या तीन वर्षांत मोठ्या बगळ्याचा आंकडा एकदम वाढलेला, आणि मध्यमाच्या रकान्यांत माझ्याच अक्षरांत तीन वेळां लिहिलें होतें: निरंक.

"पांखरें बदललीं नाहींत," तात्या म्हणाले, "पाहणारा बदलला. उद्यां कोणी ही वही वाचून म्हणेल, नांदूर-मध्यमेश्वरचा मध्यम बगळा नाहींसा झाला. तो मीं नाहींसा केला."

आतां एक गोष्ट सांगावयाची, ती सांगावयास लाज वाटते. गेल्या वर्षीं त्याच बेटासमोर तात्यांनीं असाच सरसकट आंकडा सांगितला, तेव्हां दोन-तीन बगळ्यांच्या माना मला आंखूड वाटल्या होत्या. मी बोललों नाहीं. वडिलांचा मान राखावा, असें मनाशीं म्हटलें. आज ताईनें केलेला प्रश्न ऐकल्यावर कळलें कीं मीं त्यांचा मान राखला नव्हता. केवळ स्वतःची अडचण टाळली होती. मान राखला तो तिनें, कारण त्यांच्या एकवीस वर्षांच्या कामास ती माझ्याहून अधिक जपली. झाडाखालीं मीं हें तात्यांस सांगून टाकलें. त्यांनीं माझ्याकडे नुसतें पाहिलें आणि म्हणाले, "जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. आतां माझी तपासायची पाळी आली, तर तूं पेन्सिल लपवून ठेवलीस."

ताईनें विचारलें, "तीं तीन वर्षें खोडायचीं का, आजोबा?"

"खोडायचें नाहीं. खोडलें म्हणजे चूक झाली होती हेंही नाहींसें होतें." त्यांनीं लेखणी घेतली आणि तिन्ही पानांच्या समासांत स्वतःच्या हातानें लिहिलें कीं, या वर्षीं मोठा व मध्यम बगळा यांतील भेद लिहविणाराच्या दृष्टिदोषामुळें पाहतां आलेला नाहीं, सबब दोन्ही मिळून एकच संख्या धरावी. हाच मजकूर त्या तीन वर्षांचीं टिपणें जेथें पाठविलीं होतीं तेथें कळवावयाचें ठरलें. अक्षर पूर्वीइतकें सरळ नव्हतें, पण मजकुरांत एकही शब्द अधिक-उणा नव्हता.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही कांठच्या चिखलांतील तुतवार पाहूं लागलों. हीं लहान, करड्या पाठीचीं, लगबगीनें टोंचे मारणारीं पांखरें बगळ्यांच्याही वरताण सारखीं. सामान्य तुतवार मागचें अंग सारखें वरखालीं हालवितो, आणि खांद्यापुढें त्याच्या छातीची पांढरी बाजू पाचरीसारखी वर गेलेली असते. हिरवा तुतवार पाठीनें अधिक काळपट. ठिपकेदार तुतवाराच्या पाठीवर फिकट ठिपके, भुवई लांब आणि पाय पिवळसर. उडाले म्हणजे या दोघांचीही कंबर पांढरी दिसते. पण हिरव्याच्या पंखांची खालची बाजू काळी, तर ठिपकेदाराची फिकी.

ताई वाकून एकास न्याहाळीत होती. पाठ काळपट कीं ठिपक्यांची, याचा निर्णय उन्हाच्या तिरिपेंत तिला होईना. इतक्यांत तो पक्षी दचकून उडाला आणि उडतां उडतां त्यानें दोन-तीन स्वच्छ, घंटेसारखे सूर टाकले. तात्या पाण्याकडे पाठ करून बसले होते. तेथूनच ते म्हणाले, "हिरवा तुतवार. एक."

ताईनें दुर्बीण वर केली. पंख वळतांना खालची काळी बाजू दिसली. "हिरवाच आहे, आजोबा!" ती म्हणाली.

"तो ठिपकेदार असता तर बारीक चिवचिवला असता," तात्या म्हणाले. "कानांत अजून बिंदु उतरलेला नाहीं."

मग सूर्य कलेपर्यंत दोघांनीं कामाची वांटणी केली. जें दिसेल तें तिनें सांगावें, जें ऐकूं येईल तें त्यांनीं सांगावें; दोघांचें जुळलें तर नांव लिहावें, न जुळलें तर नुसता तुतवार असें लिहून पुढें जावें. त्या दिवशींच्या पानावर "ओळख अनिश्चित" हे शब्द सात वेळां आले आहेत. पूर्वीच्या साऱ्या वर्षांत ते मिळून इतके आले नसतील. आम्हांस मात्र तें पान वहींतील सर्वांत विश्वासाचें वाटतें.

आमच्या वाचकांपैकीं कोणास या पाणथळीस जावयाचें असेल त्यांनीं डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, पहांटे पोंचेल अशा बेतानें जावें. सूर्य पाठीशीं घ्यावा; समोरच्या उन्हांत सारे पक्षी काळेच दिसतात. भडक कपडे व मोठ्यानें बोलणें टाळावें. मुलांस बरोबर अवश्य न्यावें, आणि वृद्धांसही न्यावें. एक लहानशी वही ठेवावी, पहिल्या दिवशीं पांच जातींहून अधिक ओळखण्याचा हव्यास धरूं नये, आणि जें नक्की कळलें नाहीं तें कळलें नाहीं असेंच लिहावें. आणि बरोबरच्या माणसाची चूक दिसली तर ती त्याच वर्षीं सांगावी. पुढच्या वर्षावर टाकूं नये.

घरीं पोंचावयास रात्र झाली. काकूंनीं दारांतच विचारलें, "यंदां किती पांखरें पाहिलींत?"

"पाहिलीं पुष्कळ," तात्या पायांतील वहाणा काढीत म्हणाले, "पण ओळखलीं तेवढींच लिहिलीं." आणि मग मजकडे वळून म्हणाले, "उद्यां सकाळीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नांव नोंदवून ये. पुढच्या जानेवारीस मला ती रेघ पाहायची आहे."